भोंगा, कुत्री आणि आयलीनबाईंचं पत्र

मर्विन थ्रॉसेल यांनी अडतीस वर्षं ग्रिंडलच्या पोस्टात काढली. तेवढ्या काळात गावातलं एकही पत्र गहाळ झालं नाही, असं ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. दुसऱ्या कुणी म्हटलं, तर मात्र ते खोडून काढत नसत. अशा माणसाच्या स्वयंपाकघरातल्या खणात, चमच्यांच्या शेजारी, एक पत्र दहा महिने उत्तराविना पडून होतं. चहा ढवळायला चमचा काढावा तर पाकिटाचा कोपरा दिसायचा. शेवटी शेवटी ते बिनसाखरेचा चहा पिऊ लागले, म्हणजे चमच्याची गरजच पडू नये. डॉक्टरांनी त्याबद्दल त्यांचं कौतुकही केलं.

पत्र लॉन्सेस्टनच्या एका वृद्धाश्रमातून आलं होतं. अक्षर सुरेख आणि शाई निळी होती. लिहिणाऱ्या बाईंचं नाव आयलीन कॉफ्लन.

‘मी शहाऐंशी वर्षांची आहे,’ असं त्यात होतं. ‘१९४७ च्या जुलैत तुमच्या गावच्या इस्पितळात माझ्या आईला मुलगा झाला आणि दोन तासांत गेला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. वडील कोटाखाली साबणाचं खोकं धरून पावसात बाहेर पडले आणि रिकाम्या हातांनी परत आले, एवढं मला आठवतं. त्याला कुठे ठेवलं हे त्यांनी आईलाही सांगितलं नाही. आता विचारायला कुणी उरलं नाही. तुमच्या मंडळाकडे दफनाची जुनी वही आहे असं कळलं. त्यात तो आहे का? घाई नाही. पण फार उशीरही नको.’

मर्विन हे ग्रिंडल इतिहास मंडळाचे मानद दप्तरदार. मंडळात सभासद सात. रीत अशी, की आलेलं प्रत्येक पत्र महिन्याच्या सभेत, चहा आणि केकचे तुकडे फिरण्याआधी, मोठ्यानं वाचायचं. मार्चच्या सभेत हे पत्र वाचायचं राहिलं, कारण त्या दिवशी सभागृहाचं छप्पर गळू लागलं आणि सगळे बादल्या शोधत होते. एप्रिलमध्ये वाचलं असतं, तर ‘मार्चमध्ये का नाही वाचलं?’ असं कुणीतरी विचारलं असतं. मे महिन्यात तर दोन महिन्यांचा हिशोब द्यावा लागला असता. लाजाळू माणसाची लाज बसल्या जागी वाढत जाते, तिला वेगळं खतपाणी लागत नाही. मर्विननी ठरवलं, की वही पाहायची, बाळ शोधायचं आणि थेट पूर्ण उत्तर पाठवायचं. अर्धवट उत्तर त्यांना अपमानासारखं वाटे. आपलाच अपमान की आयलीनबाईंचा, हे त्यांनी तपासलं नव्हतं.

पण वही कुठे होती? छप्पर गळलं तसं गावच्या कौन्सिलनं सभागृहाला धोक्याची पिवळी फीत लावून ते बंद करून टाकलं. वहीला बुरशी धरली म्हणून ती सुकवायला होबार्टच्या सरकारी दप्तरखान्यात गेली, आणि तिथं तिच्यापुढे अडीचशे वह्यांची रांग होती. सुदैवानं पानांचे फोटो काढलेले होते आणि ते कौन्सिलच्या कंप्युटरवर होते. ते घरून बघायचे तर व्हीपीएन हवं, असं कळलं.

कौन्सिलचा कंप्युटर म्हणजे नोएलीन स्प्रॉट. मंगळवारी आणि गुरुवारी ती कंप्युटर बघायची, बुधवारी कुत्र्यांची नोंदणी, आणि उरलेल्या दिवसांत गावाचा कचरा. तिच्या टेबलाशी जाऊन ‘मला एक बाळ शोधायचंय’ एवढं म्हटलं असतं, तर ही कथा इथेच संपली असती. पण मर्विन म्हणाले, “मला... ते... अभिलेखांच्या संदर्भात दूरस्थ प्रवेश...” आणि नोएलीननं त्यांना एक फॉर्म दिला.

व्हीपीएन म्हणजे काय, ते कुंपणापलीकडून लेस डूलीनं समजावलं. लेस खाणीत इलेक्ट्रिशियन होता. खाण बंद होऊन अठ्ठावीस वर्षं झाली, पण जगातली कुठलीही गोष्ट तो अजून खाणीवरूनच सांगे.

“सोपं आहे, मर्व. खाणीत उतरायचा पिंजरा डोळ्यांपुढे आण. तोंडाशी एक माणूस बसलेला. त्याला बिल्ला दाखवलास की तू पिंजऱ्यात. पुढे कुठल्या मजल्यावर उतरलास, कुठल्या बोगद्यात शिरलास, कोण विचारतंय? तुझं घर ते कौन्सिल, मध्ये एक बंदिस्त बोगदा. बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही.”

“आणि आतल्याला?”

“आतल्याला सगळं दिसतं. म्हणून तर आत जायचं, गड्या!”

बिल्ला, म्हणजे पासवर्ड, सातही सभासदांचा मिळून एकच होता. ग्रिंडलमध्ये आजही कुणी घराला कुलूप लावत नाही. शेजारी घरी नसला तर आत जाऊन त्याच्या चुलीवरचं भांडं उतरवून ठेवायची पद्धत आहे. प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड ही कल्पना मंडळाला जरा आगाऊपणाची वाटली. तेव्हा अध्यक्ष बेरिल पेंगेली यांच्या बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर, आतल्या बाजूनं, तो लिहिलेला होता. पासवर्ड हवा तर बेरिलकडे जायचं, बिस्कीट खायचं आणि झाकण वाचून यायचं.

जूनमधल्या एका गुरुवारी, दुपारी तीन वाजता, मर्विन बोगद्यातून आत शिरले.

त्यांच्यासारख्या पुस्तकी माणसाला असं मोकळं सोडायला नको होतं. वाचनालयात एखादं पुस्तक शोधायला गेलं की शेजारचीच चार पुस्तकं चाळण्यात संध्याकाळ घालवण्याची त्यांना जन्मभराची खोड. इथे तर अख्खं कौन्सिल उघडं पडलेलं. पाण्याच्या टाकीची पातळी. कोंबड्याच्या आरवण्यावरून दोन घरांत अकरा वर्षं चाललेला पत्रव्यवहार. तो त्यांनी पहिल्यापासून वाचला आणि मनातल्या मनात कोंबड्याची बाजू घेतली. ‘दफनभूमी’ नावाचा कप्पा तीनच ओळी खाली होता. तो त्यांना दिसलाही. पण त्याच्या वर ‘खाणीचा भोंगा’ असा एक कप्पा होता, आणि इतिहास मंडळाच्या दप्तरदारानं तो ओलांडून पुढे जावं तरी कसं? आत इतिहास काहीच नव्हता. एक चौकोन होता आणि त्यावर लिहिलं होतं, ‘चाचणी’. कसली चाचणी, ते बघायला त्यांनी तो दाबला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, आणि मला ती नीट सांगता येईल की नाही याची शंका आहे. खाण बंद झाली तरी कौन्सिल रोज दुपारी बारा वाजता भोंगा वाजवतं. प्रवासी त्याचे फोटो काढतात; भोंग्याचा फोटो कसा काढतात, ते त्यांचं त्यांना ठाऊक. बाराचा भोंगा म्हणजे जेवण. पण अवेळी भोंगा वाजला, तर ग्रिंडलमध्ये त्याचा अर्थ एकच होत असे. खाली खाणीत कुणाचा तरी जीव गेला.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी भोंगा वाजला आणि वाजतच राहिला.

दारं उघडली. म्हाताऱ्या बायका फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या हाताला साबणाचा फेस. अठ्ठावीस वर्षं खाली कुणी उतरलं नव्हतं, हे सगळ्यांच्या डोक्याला माहीत होतं. पायांना ते कुणी कळवलं नव्हतं. बेरिल पेंगेली फाटकाची कडी धरून टेकडीकडे बघत होत्या. त्यांचा नवरा चौऱ्याहत्तर साली अशाच एका दुपारी वर आणला गेला होता.

मर्विनही धावत फाटकाशी आले होते. त्यांनी लेसला विचारलं, “कोण रे? कोण?”

लेसचा चेहरा पांढरा पडला होता. “कोण म्हणजे? खाली आहे कोण आता, मर्व?”

तेव्हा कुठे मर्विनना आपण काय दाबलं ते आठवलं.

पुढचे तीन आठवडे ते पाव आणायला मागच्या गल्लीनं जात. कुणी रागावलं नाही, हेच जास्त वाईट होतं. बेरिल एवढंच म्हणाल्या, “असू दे, मर्विन. माझे भट्टीतले स्कोन जळले, दुसरं काही नाही.” आणि त्यांनी झाकणावरचा पासवर्ड खरवडून काढला, कारण नोएलीननं तो त्याच दिवशी बंद करून टाकला होता. दफनभूमी तीन ओळींवर होती आणि ती गेली.

जुलैच्या कौन्सिल सभेत हा विषय निघाला. व्हीपीएन ठेवायचं, की ‘सॉफ्टवेअर-डिफाइन्ड पेरिमीटर’ नावाची नवी पद्धत आणायची? नाव ऐकून अर्ध्या सभासदांना वाटलं की गावाभोवती कुंपण घालणार आहेत, आणि मेंढ्यांचं काय, असा प्रश्न एकानं विचारलाही. तेव्हा ठरलं, की दोन्हींची तुलना करणारं एक टिपण आधी तयार व्हावं.

“मर्विन लिहितील,” महापौर म्हणाले. “वाचनाची आवड आहे त्यांना. शिवाय प्रत्यक्ष अनुभवही आहे.”

सभेत हशा झाला नाही. मर्विनना वाटलं, झाला असता तर बरं.

मान खाली घातलेला माणूस काम फार मन लावून करतो. मर्विननी सात आठवडे अभ्यास केला. फिरत्या वाचनालयातून पुस्तकं मागवली, वही भरली, वाक्यं पुन्हा पुन्हा खोडली. टिपण झालं एकतीस पानांचं आणि, खरं सांगायचं तर, ते चांगलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, की व्हीपीएनचा सगळा भरवसा दारावर असतो. दारातून आत आलेला माणूस आपला, असं ते धरून चालतं. उभारायला सोपं, ओळखीचं. पण एक पासवर्ड चोराच्या हाती लागला की सगळं घर त्याच्या हाती. नवी पद्धत कुणालाच आपलं मानत नाही. ती आधी माणूस कोण ते तपासते, मग त्याचं यंत्र धड आहे का ते, मग त्याला इथे काम काय ते. आणि पटलं तर त्याच्यापुरती एकाच खोलीची वाट उघडते. बाकीच्या खोल्या नुसत्या बंद नसतात. त्याच्या दृष्टीनं त्या अस्तित्वातच नसतात. अशा घरात कुणी म्हातारा चुकून भोंगा वाजवू शकत नाही, हे वाक्य त्यांनी चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं आणि पाचव्यांदा राहू दिलं.

शिफारस नव्या पद्धतीची होती. एकोणतिसाव्या पानावर एक अट होती: कुणाला कोणती खोली लागते याची यादी आधी बारकाईनं करावी आणि मानद काम करणाऱ्यांना त्यातून वगळू नये, नाहीतर ही पद्धत प्रामाणिक माणसालाही दाराबाहेर ठेवील, आणि दार कुठे आहे हेही त्याला दिसणार नाही.

कौन्सिलनं दुसऱ्या पानापर्यंत वाचून टिपण एकमतानं मंजूर केलं.

ऑक्टोबरात नवी पद्धत सुरू झाली आणि तिनं सर्वांत आधी ज्या माणसाला बाहेर ठेवलं, तो तिचा शिफारसकर्ता होता.

“यंत्र जुनं आहे तुमचं,” नोएलीन म्हणाली. “तुमचा कंप्युटर तिला आजारी वाटतो.”

“चौदा वर्षांचा आहे. पण नीट चालतो.”

“मर्विन, ते तुम्हीच लिहिलंय ना? यंत्र धड आहे का ते बघते म्हणून?”

हे आपण नवव्या पानावर लिहिलंय, हे त्यांना आठवलं. त्यांनी लेसचा लॅपटॉप मागून आणला. लेस मनानं उदार. “ने, ने. त्यात आहे काय, मासेमारीचे फोटो.” आता यंत्र चाललं, अडलं ते मर्विनचं पद. यादीत ‘मानद दप्तरदार’ असं काही नव्हतंच. नोएलीननं यादी वरून खाली तीनदा वाचली.

“तुम्हाला कशात तरी बसवावं लागेल. नाहीतर ती तुम्हाला माणूसच धरत नाही. हे बघा, एक पद रिकामं आहे. श्वान नोंदणी, तात्पुरता मदतनीस.”

“पण मला कुत्री नको आहेत.”

“आत तर व्हा! मग बघू.”

यापुढे होता फोनवरचा आकडा. दर वेळी शिरताना फोनवर सहा अंकी आकडा येणार, तो सांगितला तरच दार उघडणार. मर्विनचं घर घळीत, तिथं फोनला रेंज नाही. मंडळाला रेंजचा फोन एकच, टेकडीवरच्या बेरिलचा. म्हणून तोच नंबर लावला. मर्विननी घरच्या तारेच्या फोनवरून बेरिलना फोन केला.

“बेरिल, तुला आत्ता एक आकडा आला असेल. तेवढा सांग.”

“नाही सांगणार.”

“मी मर्विन बोलतोय.”

“ते मलाही कळतंय. पण बँकेतल्या मुलीनं आम्हा सगळ्या बायकांना बसवून शिकवलंय, की आकडा मागणारा ओळखीच्याच आवाजात बोलतो. म्हणाली, सख्ख्या भावानं मागितला तरी द्यायचा नाही. आणि तू काही माझा भाऊ नाहीस.”

“अगं, कौन्सिलचं काम आहे.”

“तेही म्हणाली होती ती. ते लोक नेहमी सरकारी काम आहे असंच म्हणतात. ठेव फोन, मर्विन. तू जर खरा मर्विन असशील तर तुला राग येणार नाही.”

मर्विनना राग आला नाही. त्यावरून ते खरेच असावेत. पण कंप्युटरला ते कोण सांगणार? शेवटी तोडगा असा निघाला, की त्यांनी लॅपटॉप घेऊन टेकडी चढायची, बेरिलच्या स्वयंपाकघरात बसायचं आणि बेरिलनी त्यांचा चेहरा बघून आकडा द्यायचा. गुडघे तर कुरकुरतच होते. तरी ते गेले. आकडा आला, बेरिलनी चष्मा लावून आधी त्यांना नीट न्याहाळलं आणि मग तो वाचला. दार उघडलं.

आत कुत्री होती. फक्त कुत्री. चारशे बारा कुत्री, नाव, रंग, वय आणि मालकांसह. त्यांच्या अलीकडे काही नाही, पलीकडे काही नाही. पाण्याची टाकी नाही, कोंबडा नाही, भोंगा नाही, दफनभूमी नाही. ज्या माणसाला जन्मभर कुणी फारसं पाहिलं नव्हतं, त्याला आता जगातलं कुत्र्यांपलीकडचं काही दिसत नव्हतं. यात एक प्रकारचा न्याय आहे असं त्यांना वाटलं. नवी पद्धत चोख काम करत होती, अगदी टिपणात लिहिल्याबरहुकूम.

तरी त्यांनी यादी वाचली. वाचायला समोर काही असलं की न वाचणं त्यांना जमत नसे. आणि कळलं, की लेस डूलीचा तांबूस कुत्रा, जो रोज सकाळी त्यांच्या वाफ्यात खड्डे करतो, तो नोंदीप्रमाणे नऊ वर्षांपूर्वी मेला होता. हे त्यांनी लेसला गंमत म्हणून सांगितलं. गंमत कशी सांगावी याचा सराव त्यांना कधीच नव्हता.

“म्हणजे माझ्याच लॅपटॉपवर बसून माझी चौकशी?” लेस म्हणाला. “नोंदणीची फी चुकवतो म्हणून मला धरायला निघालास काय?”

“अरे, तसं नाही, मी नुसतं—”

“भोंगा वाजवलास तेव्हा सगळं गाव तुझ्यावर हसायला टपलं होतं. गप्प कुणी केलं त्यांना? मी! आण तो लॅपटॉप इकडे.”

लॅपटॉप गेला. कुंपणापलीकडचा सल्लाही गेला. कुत्रा मात्र येत राहिला, पूर्वीसारखाच, मेलेला असूनही.

डिसेंबरात आयलीनबाईंचं नाताळचं कार्ड आलं. अक्षर आता जरा उतरत्या पायरीसारखं झालं होतं. ‘माझं पत्र बहुधा तुम्हाला मिळालं नसेल. पोस्टाचा काय भरवसा! नाताळच्या शुभेच्छा.’

अडतीस वर्षांच्या नोकरीत मर्विनना जे कुणी बोललं नव्हतं, ते एका ओळीत बोलून झालं होतं, तेही त्यांना वाचवण्यासाठी. त्या बाईंनी दोष पोस्टावर ढकलून त्यांना सुटायला वाट ठेवली होती. मर्विननी खणातून पहिलं पत्र काढलं, ते आणि कार्ड कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि जानेवारीच्या कौन्सिल सभेची तारीख कॅलेंडरवर लिहिली.

सभेच्या शेवटी नागरिकांना प्रत्येकी तीन मिनिटं मिळतात. मर्विन उभे राहिले. पहिलं मिनिट घसा साफ करण्यात गेलं. दुसऱ्यात त्यांनी एकोणतिसाव्या पानाचा उल्लेख केला आणि महापौरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांना पुढचं काही सुचेना. हात आपोआप खिशात गेला, आणि त्यांनी पत्र उघडून मोठ्यानं वाचलं, जसं ते मार्चमध्ये, केकचे तुकडे फिरण्याआधी, वाचायला हवं होतं. ‘घाई नाही. पण फार उशीरही नको.’ इथवर सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

मग ते म्हणाले, “हे मार्चमध्ये आलंय. मी कुणाला सांगितलं नाही.” आणि खाली बसले.

पहिली बोलली नोएलीन. “मर्विन, अहो, मला वाटलं तुम्हाला इतिहास हवाय! बाळ हवंय हे नाही का सांगायचं?”

“सांगायला हवं होतं,” मर्विन म्हणाले.

“उद्या बुधवार आहे. कुत्री गेली खड्ड्यात.”

दुसऱ्या दिवशी तिनं यादीत नवीन पद घातलं: ‘दफन नोंदवही, वाचक, एक’. कारणाच्या रकान्यासाठी मर्विननी घरून अडीच पानं लिहून आणली होती. तिनं ती घडी करून त्यांच्या खिशात परत ठेवली आणि स्वतः दोन शब्द टाइप केले: ‘बाळ शोधणे’.

ते टेकडी चढून बेरिलच्या दाराशी पोहोचले, तर लेस तिथं आधीच उभा. काखेत लॅपटॉप, पायाशी कुत्रा.

“नोंदणी केली आज सकाळी,” तो मर्विनकडे न बघता म्हणाला. “जिवंत झालाय तो. हे घे. चार्ज करून आणलाय.”

“लेस, मी—”

“बस, बस. माझी आई त्याच इस्पितळात आया होती. एवढंच. चालू कर.”

बेरिलचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला, पण या वेळी मर्विनचा चेहरा तपासला नाही. आकडा सावकाश वाचला. पडद्यावर एक दार उघडलं. आजूबाजूला काही नव्हतं, आणि पहिल्यांदाच मर्विनना आजूबाजूचं काही नकोही होतं. १९४७. जुलै. पान ओलाव्यानं तपकिरी झालेलं होतं.

बाळाची स्वतंत्र ओळ नव्हती. मर्विननी पान दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वरून सुरुवात केली. मग बेरिलचं बोट पडद्यावर टेकलं.

“हे बघ. ऑगस्टा लिंडक्विस्ट. समासात काय लिहिलंय बारीक?”

ऑगस्टा लिंडक्विस्ट, वय एकाहत्तर, धुणी धुणारी, नातेवाईक नाहीत. रांग सहा, जागा चौदा. आणि समासात, दुसऱ्या शाईनं: ‘कॉफ्लन यांचा मुलगा, दोन तास, हिच्या शवपेटीत, हिच्या हाताशी. वडील हजर. कुणाची हरकत नाही.’

मर्विननी ती ओळ पुन्हा एकदा मोठ्यानं वाचली.

“असं करायचे तेव्हा,” बेरिल म्हणाल्या. “इवल्याशा जिवाला वेगळी जागा द्यायचे नाहीत. त्या दिवशी जे कुणी जायला निघालेलं असेल, त्याच्याबरोबर द्यायचे. आई म्हणायची, ऑगस्टाबाई अख्ख्या गावाची दुपटी धुवायच्या. स्वतःचं कुणी नव्हतं त्यांना.”

लेसनं खिडकीबाहेर पाहत नाक शिंकरलं. “विचारलं नाही कुणी, तू कोण, कुठला,” तो म्हणाला. “घेतलं आत.”

मर्विनच्या मनात एकतीस पानं होती आणि ती सगळी बरोबर होती. ती पानं त्या पेटीला लागू नव्हती, एवढंच.

वृद्धाश्रमात फोन बेरिलनी केला, कारण मर्विनना फोनची भीती. आयलीनबाई अजून होत्या. सकाळी चांगल्या असतात, तिथली परिचारिका म्हणाली. पत्रं स्वतः वाचतात, दोनदा वाचतात. दुपारनंतर मात्र माणसं ओळखत नाहीत. नोव्हेंबरपासून असं आहे.

नोव्हेंबरपासून. मर्विननी बोटांवर मोजलं. जूनमधला तो गुरुवार, तीन ओळी, कोंबडा. तिकडे जानेवारीत उन्हाळा असतो, तरी ग्रिंडलमध्ये अंगात कोट लागतो. ते कोटाची बटणं लावत बसले, लावून झाली तरी चाचपत राहिले.

“फोनवरच सांगू का त्यांना?” बेरिलनी विचारलं.

“नको. त्यांनी पत्र लिहिलंय.”

घरी येऊन त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात माफीच चार पानं झाली. दुसऱ्यात व्हीपीएन आलं. तिसऱ्यात भोंगा आला आणि त्यांनी तो फाडला. गुरुवारी सकाळी अकरा वाजता एक पान उरलं.

‘तुमचं पत्र मला मिळालं होतं, पोस्टाचा दोष नाही, दोष माझा आहे. तुमचा भाऊ सापडला. तो रांग सहा, जागा चौदामध्ये आहे, ऑगस्टा लिंडक्विस्ट नावाच्या बाईंच्या हाताशी. वडील तिथं हजर होते. वर दगड आहे. मी काल जाऊन शेवाळ काढलं, अक्षरं वाचता येतात. जवळ एक झाड आहे, त्याचं नाव मला माहीत नाही. विचारून पुन्हा लिहीन.’

पोस्टाची गाडी साडेबाराला पेटी उघडते. गुरुवारी टाकलेलं पत्र सोमवारी सकाळच्या फेरीत लॉन्सेस्टनला पोहोचतं. हे मर्विनना झोपेतही सांगता आलं असतं. सकाळच्या फेरीत. ते पेटीपाशी आले. पत्ता पाहिला, तिकीट पाहिलं, पुन्हा पत्ता पाहिला. पाकीट फटीत अर्धं घातलं आणि तसंच धरून राहिले. एकदा सोडलं की ते परत मिळत नाही; हा नियम त्यांनी स्वतः अडतीस वर्षं लोकांना ऐकवला होता.

टेकडीवर भोंगा वाजला. बारा. कुणी दारात आलं नाही. रस्त्यापलीकडे एका घरात ताटल्यांचा आवाज झाला.

मर्विननी बोटं सुटी केली. पाकीट आत पडलं. पेटी रिकामीच असावी, कारण पडल्याचा आवाज नीट ऐकू आला. मग गाडी येईपर्यंत अर्धा तास ते तिथेच, भिंतीच्या आडोशाला, भुरभुर पावसात उभे राहिले.